आजोबांचा माउथऑर्गन, त्यावरचा १८९६ आणि ट्रॉसिंगेनचं म्युझियम

मागच्या अंकात जुनी वाद्यं घरात कशी जपायची यावर दोनच ओळी लिहिल्या होत्या, आणि महिनाभर नुसते माउथऑर्गनचे फोटो येतायत. कुणाच्या आजोबांचा, कुणाच्या मामाचा, कुणाला जुन्या बाजारात मिळालेला. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. आमचं घर सातारा जिल्ह्यात. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले. जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक माउथऑर्गन सापडला, फोटो सोबत पाठवतोय. त्यावर एम. होनर, मरीन बँड, जर्मनी असं कोरलंय आणि १८९६ हा आकडा आहे. मधे सहा टोकांची चांदणी आहे. घरातले म्हणतात सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे, म्युझियममध्ये द्यायला पाहिजे. खरंच एवढा जुना असेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी एक गोष्ट सांगते, वाईट वाटून घेऊ नका. तो १८९६ म्हणजे बनवल्याचं साल नाही, तो मॉडेल नंबर आहे. होनर कंपनीने मरीन बँड हे मॉडेल १८९६ साली बाजारात आणलं आणि तोच आकडा त्याचा नंबर म्हणून कायम राहिला. आज दुकानात जाऊन नवाकोरा मरीन बँड घेतलात तरी त्यावर १८९६च दिसेल. मला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांमधे हाच गोंधळ आहे आणि त्यात कुणाची काही चूक नाही, पत्र्यावर चार आकडे अठराने सुरू होणारे दिसले की कुणीही साल समजणारच.

मग वय कसं ओळखायचं? तुमच्या फोटोतली चांदणी इथे कामाची आहे. होनरच्या जुन्या शिक्क्यात सहा टोकांची चांदणी असायची, आणि नाझींच्या काळात ती काढली गेली कारण ती ज्यू लोकांच्या चिन्हासारखी दिसायची. म्हणजे चांदणीवाला तुमचा माउथऑर्गन बहुधा महायुद्ध पेटायच्या आधी बनलेला आहे. दुसरी खूण म्हणजे देशाचं नाव. ब्रिटनने १८८७ मधे आणि अमेरिकेने १८९० मधे कायदे केले की बाहेरून येणाऱ्या मालावर तो कुठला आहे ते लिहिलेलं पाहिजे, त्यामुळे जर्मनी हा शब्द असलेले नग साधारण त्यानंतरचे धरायचे. काही जणांच्या फोटोत डी.आर.जी.एम. अशी अक्षरं आहेत, ती त्या काळच्या जर्मनीतल्या उपयुक्त रचनांच्या सरकारी नोंदणीची खूण, ती नोंदणी १८९१ ला सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाबरोबर ते नाव संपलं. ज्यांच्याकडे ए ४४०, म्हणजे ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, असं कोरलेलं आहे त्यांनी तर एकोणिसाव्या शतकाचा विचारच सोडावा, कारण तो सूर जगभर पक्का करायचं ठरलं ते लंडनच्या १९३९ च्या परिषदेत, त्याआधी अमेरिकेत थोडा चालायला लागला होता इतकंच. आणि वरच्या पत्र्यावर जी मेडल्स छापलेली दिसतात, त्यातली सालं कंपनीला प्रदर्शनात बक्षीस मिळाल्याची असतात, तुमच्या हातातला नग कधी बनला ते त्यावरून कळत नाही.

आता महत्त्वाचं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं ते चांदणीसाठी नाही, इटलीसाठी. मरीन बँड हे मॉडेल होनरने मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठी काढलं होतं, नावसुद्धा तिकडच्या मरीन दलाच्या बँडवरून. आणि १९४३ ते १९४५ मधे इटलीत आपली मराठा पलटण लढत होती तेव्हा अमेरिकन फौजाही तिथेच होत्या. मग हा माउथऑर्गन पणजोबांकडे आला कुठून? अमेरिकन सैनिकाकडून, जर्मन कैद्याकडून, की युद्धाआधीच मुंबईत विकत घेतलेला, बरोबर गेला आणि बरोबर परत आला? घरात अजून कुणी आजी, आत्या, चुलत आजोबा असतील ज्यांनी तो वाजताना ऐकलाय, तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. पणजोबांचा सर्व्हिस नंबर, बटालियन, घरी परत आल्याचं साल, कोणती गाणी वाजवायचे, कुणाच्या लग्नात वाजवला, सगळं. आणि माहीत नाही तिथे स्पष्ट लिहा की माहीत नाही, अंदाजाने जर्मन कैद्याची गोष्ट रचू नका, कारण पुढच्या पिढीला तीच खरी वाटणार.

म्युझियममधे वस्तू घेताना हेच बघतात. मरीन बँड लाखोंनी बनले, त्यामुळे नुसता माउथऑर्गन कुणी दारात उभा करणार नाही. पण साताऱ्याच्या एका जवानाने इटलीतून आणलेला, त्याच्या फोटोसकट, पेबुकासकट (सैनिकाच्या पगाराची वही), घरच्यांच्या आठवणींसकट, असा माउथऑर्गन कुठल्याही सैनिकी संग्रहाला हवासा वाटेल. द्यायचाच असेल तर आधी रेजिमेंटकडे चौकशी करा, आणि ट्रंकेतला बाकीचा ऐवज वेगळा करू नका. रुमाल, पत्र, बटणं, जे काही त्याच्याजवळ होतं ते त्याच्याजवळच राहू दे.

प्रश्न : माझ्या वडिलांचा माउथऑर्गन काळा पडलाय आणि आतून हिरवट दिसतो. पितांबरीने घासला तर चालेल का? आणि मुलगा म्हणतो कोमट पाण्यात बुडवून ठेवला की आवाज मोकळा होतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, नाही, नाही. प्लीज. मी हे दोन्ही केलंय म्हणून एवढं जीव तोडून सांगते. माझ्याही वडिलांचाच होता, मी कॉलेजात होते, त्यांना वाढदिवसाला चकचकीत करून द्यावा म्हणून चिंचेने घासला आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी पत्र्यावरचं निकेल जागोजागी उडालेलं, कोरलेली अक्षरं पुसट झालेली, आणि मधलं लाकूड फुगून पट्टी एका बाजूने उचलली गेलेली. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं हातात घेऊन बघत राहिले. पुन्हा तो कधी वाजला नाही.

काय होतं ते समजून घ्या. जुन्या माउथऑर्गनमधे मधे लाकडाचा सांगाडा असतो, मरीन बँडमधे तो पेअरच्या लाकडाचा, कंगव्यासारखे दात असलेला, म्हणून त्याला इंग्रजीत कोम, म्हणजे कंगवाच म्हणतात. त्याच्या वर आणि खाली पितळेच्या पट्ट्या, पट्ट्यांवर रिव्हेटने बसवलेले बारीक पितळी सूर (हवेने थरथरणाऱ्या पात्या, रीड), आणि सगळ्यात बाहेर पत्र्याची झाकणं. हे सगळं स्क्रूने नाही, बारीक खिळ्यांनी ठोकलेलं असतं. लाकूड पन्नास-साठ वर्षं कोरडं पडून राहिलेलं, त्याला एकदम पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आकसतं, तडकतं, खिळे सैल होतात. जुने वाजवणारे पाण्यात बुडवायचे हे खरंय, फुगलेलं लाकूड हवा गळू देत नाही म्हणून आवाज मोठा यायचा, पण ते रोज वाजवून वर्षभरात नवीन घेणारे लोक होते. तुम्हाला तो जपायचाय.

फुंकसुद्धा मारू नका, श्वासातही पाणीच असतं. शिवाय आतलं हिरवं म्हणजे पितळेवरचा गंज, तो तोंडात जाणं बरं नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळा, हवाबंद नको पण झाकण असलेल्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी शेजारी टाका, कापडाला चिकटून नको. रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने धातू काळा पडतो. डांबरगोळ्या नकोत, वर्तमानपत्रात गुंडाळणं नको. खिळे उपसून आत बघायचा मोह होईल, तोही आवरा. आणि मूळ पुठ्ठ्याचा खोका असेल तर तो फाटका म्हणून टाकू नका हो, माउथऑर्गन धातूचा म्हणून टिकतो, खोके फाटतात आणि फेकले जातात, त्यामुळे संग्रह करणारे खोक्यासाठी जास्त हळहळतात.

प्रश्न : मी हार्मोनियम शिकवतो. माउथऑर्गन आणि पेटी एकाच घराण्यातले असं ऐकलंय, ते कसं? आणि माउथऑर्गनवर राग का वाजवता येत नाही? (एक शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, हा प्रश्न वाचून फार आनंद झाला. हो, एकाच घराण्यातले. दोन्हीमधे मोकळा सूर, म्हणजे एका टोकाला पक्का केलेली पितळी पट्टी, जी हवेने खाचेतून आरपार थरथरते. पेटीत भाता हवा एकाच दिशेने ढकलतो, माउथऑर्गनमधे फुंकल्यावर एक सूर वाजतो आणि श्वास आत ओढल्यावर दुसरा, दहा भोकांना वीस सूर. तुम्ही पेटीचा सूर लावताना जे करता तेच तिकडे करतात, टोकाशी घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो.

मूळ म्हणाल तर चीनमधलं शेंग हे वाद्य फार प्राचीन, त्यात हेच तत्त्व. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सुरांवर बऱ्याच ठिकाणी प्रयोग चालले होते, व्हिएन्नात, जर्मनीत, बोहेमियात. बुशमन नावाच्या जर्मन तरुणाने १८२१ मधे माउथऑर्गन शोधला असं पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं, पण अभ्यासकांना त्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही, त्यामुळे एकाच माणसाला श्रेय देऊ नये असं मला वाटतं. पेटीचं पॅरिसमधलं पेटंट १८४० च्या आसपासचं, आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून एका हाताने भाता मारत वाजवता येईल अशी केली ती १८७५ च्या सुमारास. म्हणजे माउथऑर्गन हा आपल्या पेटीचा थोरला चुलत भाऊ.

आता रागाचं. तुमच्या भाषेत सांगते. सी पट्टीचा साधा दहा भोकी माउथऑर्गन घ्या आणि सी ला सा धरा. डावीकडून उजवीकडे फुंकत गेलात तर सा ग प, सा ग प, सा ग प आणि शेवटी सा. श्वास ओढत गेलात तर रे प नी रे, मग म ध नी रे, मग म ध. बघा, खालच्या सप्तकात म आणि ध जागेवर नाहीतच! वरच्या सप्तकात नी नाही. पूर्ण सप्तक फक्त मधलं. कोमल स्वर तर एकही नाही. ही रचना जर्मन लोकगीतांसाठी केलेली, डाव्या बाजूला तालाची साथ, मधे चाल, त्यात सुटे स्वर जागेवर नसले तरी कुणाचं अडत नव्हतं. रिश्टर रचना म्हणतात तिला.

पण यातलं मला सगळ्यात आवडतं ते पुढे आहे. हे स्वस्त वाद्य अमेरिकेत दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वादकांच्या हातात गेलं, आणि त्यांनी ते उलटं वापरलं. फुंकण्याऐवजी ओढण्यावर भर दिला, दुसऱ्या भोकातला ओढायचा प धरला सा म्हणून, आणि जीभ-घसा आत वळवून सूर खाली ओढायला लागले. आपण ज्याला मींड म्हणतो तीच. ट्रॉसिंगेनच्या, म्हणजे होनरच्या जर्मनीतल्या गावच्या कारागिरांनी हे ठरवून ठेवलेलं नव्हतं, वाद्यात ते होतं आणि वाजवणाऱ्यांनी शोधून काढलं. त्यामुळे राग अजिबात येत नाही असं नका म्हणू. ज्यात कोमल स्वर किंवा तीव्र म नाही असा, भूपासारखा, मधल्या सप्तकात सहज निघतो, बाकीच्यांसाठी बटणवाला क्रोमॅटिक घ्यावा लागतो.

प्रश्न : जुन्या होनरचे किती पैसे मिळतील? (बरेच वाचक)

उत्तर : नेहमीच्या मॉडेलचे फार नाहीत. विकू नका, घरात ठेवा.

प्रश्न : आम्ही स्टुटगार्टमधे राहतो. आईबाबा उन्हाळ्यात येणार आहेत, बाबा तरुणपणी माउथऑर्गन वाजवायचे. तुम्ही मागे ट्रॉसिंगेनचं म्युझियम लिहिलं होतं, वयस्कर माणसांना न्यावं एवढं आहे का तिथे? (एक वाचक, जर्मनी)

उत्तर : न्याच. स्टुटगार्ट ही मुंबईची भगिनी शहर आहे, १९६८ पासून, तेवढं बाबांना गाडीत सांगा. ट्रॉसिंगेन तिथून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटर, रॉटवाइलच्या जवळ, छोटंसं गाव. या छोट्या गावातून जगभर माउथऑर्गन गेले हे तिथे उभं राहिल्यावर खरं वाटतं.

गोष्ट अशी की हा भाग घड्याळं बनवणाऱ्यांचा. ख्रिश्चन मेसनर नावाच्या विणकराने तिथे आधी माउथऑर्गन बनवायला सुरुवात केली आणि ती विद्या घराबाहेर जाऊ नये म्हणून बरीच काळजी घेतली. मथियास होनर हा घड्याळजी, जन्म १८३३ चा, त्याने ती कला बघून-बघून उचलली आणि १८५७ मधे स्वतःचं काम सुरू केलं. बायको आणि एक मदतनीस, एवढेच हात, आणि पहिल्या वर्षी ६५० नग. पुढे माल अमेरिकेला जायला लागला, मशीन आली, आणि तीस वर्षांत वर्षाला दहा लाखांवर गेले. गावातल्या घराघरात बायका-मुलं सुटे भाग जोडायचं काम करायची, हे मी मुद्दाम सांगते कारण झाकणावर नाव एकाच माणसाचं असतं. तुम्ही जुना मरीन बँड उलटा धरून ते बारीक खिळे बघा, त्यातले किती कुणाच्या स्वयंपाकघरात ठोकले गेले असतील.

होनरचा जुना संग्रह बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य सरकारने १९८७ मधे विकत घेतला आणि त्यातून हे जर्मन हार्मोनिका म्युझियम उभं राहिलं. पंचवीस हजारांवर माउथऑर्गन आहेत, अर्थात सगळे मांडलेले नसतात. बाबांना तीन गोष्टी शोधायला सांगा. एक, पाच पितळी भोंगे लावलेला ट्रम्पेट कॉल, दिसायला लग्नातल्या बँडची पिल्लावळ. दोन, सहा माउथऑर्गन चक्रासारखे एकत्र जोडलेले, पट्टी बदलायची की फिरवायचं. तीन, घंटी लावलेले, वाजवता वाजवता बोटाने टण्ण करायचे. आणि खोक्यांची चित्रं बघायला विसरू नका. पहिल्या महायुद्धाच्या वेळचे नग दिसले तर थोडं थांबा, खंदकात दोन्ही बाजूंच्या पोरांच्या खिशात हेच वाद्य होतं.

अमेरिकेत कुणी असेल तर साउथ डकोटामधल्या व्हर्मिलियन गावात नॅशनल म्युझिक म्युझियम आहे, तिथे अ‍ॅलन बेट्स यांनी दिलेला अडीच हजारांच्या आसपासचा माउथऑर्गनचा संग्रह आहे. सिडनीच्या पॉवरहाउस म्युझियमच्या संग्रहात बूमरँग छापाचे माउथऑर्गन आहेत, जर्मनीत बनवून खास ऑस्ट्रेलियासाठी विकलेले.

जायच्या आधी वेळा आणि सुट्टीचे दिवस म्युझियमच्या वेबसाइटवर बघून घ्या. आणि बाबांचा स्वतःचा माउथऑर्गन त्यांच्या खिशात असू दे.

प्रश्न : माझ्या नातीला शाळेत कुणीतरी सांगितलं की माउथऑर्गन अंतराळात वाजलाय. ती विचारते खरं का? (एक आजी, कोल्हापूर)

उत्तर : खरं आहे आजी. १६ डिसेंबर १९६५. जेमिनी ६ या यानात वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड होते. नाताळ जवळ आलेला, दोघांनी लपवून दोन वस्तू नेल्या होत्या, एक छोटा माउथऑर्गन आणि काही घुंगरं. आधी रेडिओवरून खाली सांगितलं की आम्हाला एक विचित्र यान दिसतंय, उत्तरेकडून दक्षिणेकडे चाललंय, आणि मग एकदम शिराने माउथऑर्गनवर जिंगल बेल्स वाजवायला सुरुवात केली, स्टॅफर्डने घुंगरं वाजवली. अंतराळात वाजलेली ती पहिली वाद्यं समजली जातात.

तो माउथऑर्गन होनरचाच, लिटल लेडी नावाचा, चार भोकं, आठ सूर, लांबी इंचभराहून थोडी जास्त. नातीला सांगा, तिच्या खोडरबराएवढा. तेव्हा दुकानात सहज मिळायचा असा, आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ म्युझियमने तो घुंगरांसकट जपलाय, कारण तो कुणाच्या खिशात होता, कुठल्या दिवशी, कुठे वाजला हे सगळं पक्कं नोंदलेलं आहे.

साताऱ्याच्या वाचकांनी हे उत्तरही वाचावं, आणि रेकॉर्डिंग झालं की मला कळवावं. पणजोबा कोणती गाणी वाजवायचे ते मला खरंच ऐकायचंय.